दोन तासांवरचं महानगर

कोंडाण्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग नीट पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. कमानीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक सज्जे कोरले आहेत. त्यांना कठडे आहेत, जाळीच्या खिडक्या आहेत, खाली तुळयांची टोकं बाहेर आलेली दिसतात आणि मधल्या चौकटींत नाचणारी जोडपी आहेत. दगडाला तुळयांची गरज नसते. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास ज्या कारागिरांनी हा कातळ फोडला, त्यांनी त्या काळच्या लाकडी, मजल्यांच्या घरांची नक्कल केली आहे. अशी घरं रानात नसत, ती नगरांत असत. राजमाचीच्या पायथ्याच्या या दाट झाडीत, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कुणीतरी शहर आठवून कोरलं आहे.

दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. कण्ह नावाच्या गुरूच्या बलुक नावाच्या शिष्यानं हे केलं, एवढंच ती सांगते. पण लेणी इथेच का कोरली, याचं उत्तर भूगोलात आहे. कल्याण आणि सोपारा ही त्या काळची मोठी बंदरं. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. या बंदरांतून घाटावर तेरकडे जाणारे व्यापारी तांडे बोरघाटाच्या परिसरातून चढत. भिक्षूंनी संसार सोडला होता, तरी भिक्षा सोडली नव्हती, आणि वाटेवरच्या विहारांना नगरातल्या पैशाचा आधार लागे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची, सोनाराची, लोहाराची दानं नोंदलेली आहेत. तेव्हा जगापासून दूर जाणाऱ्यांनीसुद्धा शहराच्या हाकेपलीकडे जायचं टाळलं. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांची गोष्ट दोन हजार वर्षं अशीच चालली आहे. मोठं शहर इथे नाही, पण ते कधी फार लांबही नव्हतं.

म्हणूनच माणसांना मोठ्या शहरात राहायला का आवडतं, हा प्रश्न मला मुंबईत बसून विचारण्यापेक्षा इथून विचारावासा वाटतो. मुंबईत जन्मलेल्याला शहर हवेसारखं असतं. त्याची चव कळते ती कर्जतच्या माणसाला, कारण तो ते रोज शंभर किलोमीटर जाऊन घेतो आणि रात्री परत येतो. तो कशासाठी जातो हे पाहिलं की आवडीचं कारण सापडतं. पगार हे पहिलं उत्तर खरंच आहे, पण ते अर्धं आहे. पगार तिथेच का जास्त मिळतो, आणि पगार मिळाल्यावर माणूस परत गावी येऊन का राहत नाही, हे त्यातून उलगडत नाही. माझं उत्तर असं, की शहर म्हणजे अनोळखी माणसांची दाटी, आणि माणसाला तीच आवडते. दाटी म्हटलं की आपण नाक मुरडतो, तरी शहराची सगळी श्रीमंती तिच्यातूनच येते.

शेवळांचं उदाहरण घेऊ.

जूनमधला पहिला पाऊस पडला की कर्जत, नेरळ, भिवपुरीच्या डोंगरउतारांवर शेवळं उगवतात. जमिनीतून सरळ वर येणारा तपकिरी-जांभळट कोंब. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. भाजी खाजरी, साफ करताना वरची पानं काढून आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यावा लागतो, नाहीतर घसा धरतो. तेवढ्यानंही भागत नाही, म्हणून काकडं नावाची लहान, आंबट, हिरवी फळं बरोबर शिजवतात. ठाकूर आणि कातकरी बाया पहाटे रानात जाऊन शेवळं खुडतात, जुड्या बांधतात, काकडांचे वाटे घेतात, पाटी डोक्यावर ठेवतात आणि स्टेशन गाठतात. इथल्या आदिवासी घरांत ही भाजी खातातच. पण इथे ती विकत कोण घेणार? ज्याला हवी त्याच्याच बांधापलीकडे ती उगवते, आणि ज्याला रानभाजीची सवय नाही तो तिच्या वाट्याला जात नाही.

दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवलीच्या बाजारात मात्र शेवळांसाठी थांबलेली माणसं असतात. कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांमध्ये शेवळं म्हणजे वर्षाचा सण. कुणी सोडे घालतं, कुणी कोळंबी, कुणी खिमा. ही घरं मुंबईच्या एकूण लोकसंख्येत मूठभर. पण दीड हजार वस्तीच्या गावात मूठभर म्हणजे शून्य, आणि महानगरात मूठभर म्हणजे हजारो. समजा एखादी गोष्ट हजारात एकालाच हवी आहे. दीड हजारांच्या गावात तिला एखाददुसरं गिऱ्हाईक. कर्जत शहराची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे तिथे तीस. त्याच जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांवर होती, म्हणजे तिथे बारा हजारांहून जास्त. तीस गिऱ्हाइकांवर पोट भरत नाही, बारा हजारांवर दुकानं चालतात.

आता शेवळांच्या जागी माणसाचा एखादा गुण ठेवून पाहा. कुणाला हार्मोनियमचे सूर लावता येतात, कुणाला नाटकाची प्रकाशयोजना जमते, कुणाला जुनी कागदपत्रं वाचता येतात, कुणी फक्त हाताच्या बोटांची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असतो. गावात अशा माणसाला तो गुण बाजूला ठेवून दुसरं काहीतरी करावं लागतं. सतारीला जव्हारी काढणारा गावात राहिला तर तो रिक्षा चालवील आणि सतार घरी असेल. मोठ्या शहरात त्याच्या गुणाला भाव येतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला त्याच गुणाची आणखी दहा माणसं भेटतात. ज्याची आवड गावात खूळ ठरते, तो शहरात कारागीर ठरतो. शहराबद्दल बोलताना डोळ्यांत येणारी चमक मला या सुटकेची वाटते.

हे जुन्या माणसांनी ओळखलं होतं. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातल्या झेनोफननं लिहून ठेवलं आहे की लहान गावातला सुतार खाट, दार, नांगर, टेबल सगळंच करतो, आणि मोठ्या नगरात एक जण फक्त पुरुषांची पादत्राणं करून जगतो, दुसरा फक्त बायकांची. 1776मध्ये ॲडम स्मिथनं हमालाचं उदाहरण दिलं. निव्वळ ओझी वाहून पोट भरायचं तर मोठ्या शहराशिवाय गत्यंतर नाही. खेड्यात हमालाला पुरेसं काम मिळूच शकत नाही. अलीकडे, 2007 साली, लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, युरोप आणि चीनमधल्या शहरांचे आकडे मांडले. त्यांना दिसलं की शहर दुप्पट मोठं झालं की दर माणशी उत्पन्न आणि नवे शोध ढोबळमानानं दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढतात, आणि रस्ते, तारा, पेट्रोलपंप मात्र दर माणशी कमी लागतात. याच हिशेबात गुन्हे आणि संसर्गाचे रोगही वाढतात. माणसं एकमेकांना जास्त भेटतात म्हणून कल्पना पसरतात, आणि त्याच भेटींतून आजारही पसरतो. यातलं एक घेऊन दुसरं नाकारायची सोय शहरात नाही.

मुंबईनं ही किंमत मोजली आहे. सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. गाड्या भरभरून माणसं कोकणात, घाटावर, गुजरातेत पळाली. 1901च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 7 लाख 76 हजारांवर आली होती. दहा वर्षांनी ती 9 लाख 79 हजार झाली. प्लेग पुरता गेलेला नव्हता, चाळींच्या खोल्या तेवढ्याच कोंदट होत्या, तरी माणसं परतली आणि सोबत आणखी घेऊन आली. 1921मध्ये मुंबईत राहणाऱ्या दर शंभरांपैकी ऐंशीहून जास्त जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. 2020च्या टाळेबंदीत घाट चढून पायी गावी निघालेल्या माणसांपैकी कितीतरी जण पुन्हा शहरात आले. भुकेनं आणलं असं म्हणून आपण विषय संपवतो. पण भूक भागवायला सुरत होतं, पुणं होतं, शेजारचा तालुका होता. माणसं ओळखीच्या शहराकडेच वळली, कारण तिथे त्यांची खोली होती, खाणावळ होती, गावकीची बैठक होती.

गावकीच्या खोलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कुलाबा जिल्ह्यांतल्या एकेका गावानं खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत वीस, पंचवीस जण; पाळीपाळीनं झोपायचं, कारण गिरणीच्या पाळ्याही तशाच. खुंटीला प्रत्येकाची पिशवी, जेवण खाणावळवाल्या बाईकडे, महिन्याचा हिशेब पगाराला. तिथे गावचे ग्रामस्थ मंडळ चाले, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी निघे, नव्यानं आलेल्या पोराला कुठल्या खात्यात चिकटवायचं हे ठरे. शहरात आलेल्या माणसानं गाव टाकून दिलं नाही; गावातलं जे हवं ते बरोबर आणलं आणि जे नको ते मागे ठेवलं. ही निवड करता येणं हा शहराचा दुसरा मोठा गुण.

कारण गावात निवड नसते. मला गाव प्रिय आहे, गावात अडीअडचणीला धावून येणारी माणसं मी पाहिली आहेत, तरीही हे म्हणतो. गावातली ओळख सगळीकडून असते. दुकानदार तुमचा भावकीतला, सरपंच तुमच्या आत्याचा दीर, मास्तर तुमच्या वडिलांचा वर्गमित्र. उधारी थकली की लग्नाची बोलणी अडतात, आणि एकाशी भांडण झालं की पाच दारं बंद होतात. गावच्या पारासमोरून मुलगी एकटी गेली की ‘कुणाची गं तू? कुठे निघालीस?’ हा प्रश्न येतोच. तो मायेनं विचारलेला असतो, आणि तरी त्याचं उत्तर द्यावंच लागतं. दादरच्या पुलावर तिला कुणी विचारत नाही. पुलावरून जाणाऱ्या हजारो माणसांना ती कुणाची आहे याच्याशी कर्तव्य नसतं. समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1903 साली बर्लिन डोळ्यांपुढे ठेवून याविषयी लिहिलं होतं. शहरातला माणूस शेजाऱ्याकडे अलिप्तपणे पाहतो, आणि त्या अलिप्ततेतूनच त्याला छोट्या गावात कधी न मिळालेलं स्वातंत्र्य मिळतं. गर्दीत एकटेपणाही वाट्याला येतो, हेही त्यांनी सांगितलं आहे. मध्ययुगीन जर्मन नगरांत तर कायदाच होता, की पळून आलेला कुळ-गुलाम वर्ष आणि एक दिवस नगरात राहिला की त्याच्यावर जमीनदाराचा हक्क उरत नसे.

आपल्याकडे असा कायदा नव्हता, पण जातीच्या जाचातून निघालेल्या माणसांना शहरानं थोडीफार तीच वाट दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर 1948मध्ये संविधान सभेत खेड्याच्या गुणगानाला जो कडक विरोध केला, त्यामागे हा अनुभव होता. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिले. शहर निर्मळ होतं असं मात्र नाही. गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला असे, पण तिथे कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्या निमित्तानं दलित कामगारांना विणकामापासून दूर ठेवलं जाई. 1928-29च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. शहरात जात गेली नाही. पण गावात जात माणसाला चोवीस तास धरून ठेवते. शहरात कारखान्याच्या दारापासून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर काही तास तरी तिची पकड सैल व्हायची. त्या काही तासांत माणसं शिकली, संघटना बांधल्या, सभा ऐकल्या. 1946 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. सकाळी कॉलेज, मग कचेरी, रात्री अभ्यास हे वेळापत्रक फक्त मोठ्या शहरातच जमू शकतं.

आणि शहरात सरळ झालेली मान गावातही सरळ राहिली. 20 मार्च 1927ला महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, तो आजच्या याच रायगड जिल्ह्यात. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या, महाड आणि मुंबई या दोन्हीकडे वावर असलेल्या कार्यकर्त्यांनी या सत्याग्रहामागची परिषद उभी केली होती. मुंबईत कमावलेला पैसा मनीऑर्डरनं येत असे; मुंबईत कमावलेली हिंमत परिषदांमधून आली.

आता कर्जत लोकलमध्ये चढू.

गाडी कर्जतहून सुटते, म्हणून इथल्या माणसाला खिडकी मिळते. हा कर्जतकराचा मान, बदलापूरकराला हेवा वाटावा असा. भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी करत गाडी बदलापूरला येईपर्यंत डबा भरतो, अंबरनाथला चौथ्या सीटवर टेकायलाही जागा उरत नाही. बदलापूर-अंबरनाथची काही मंडळी म्हणूनच उलटी येऊन जागा धरतात, त्याला रिटर्न मारणं म्हणतात. डब्यात जागा ठरलेल्या असतात, माणसं ठरलेली असतात. एका कोपऱ्यात टाळ वाजतात, भजन चालू असतं. बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, भिशीचे पैसे गोळा होतात, डोहाळजेवणंही होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा बांधून पूजा करतात. रोजचे चार तास कोंबून प्रवास करणाऱ्या माणसांनी गाडीची पूजा करावी, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. त्यांना तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण डब्यातल्या माणसांत आहे.

एका बाकावर टपाल खात्यातला कारकून, केईएममधली परिचारिका, भांडुपच्या कारखान्यातला फिटर, मशीद बंदरच्या पेढीवरचा मुनीम बसलेले असतात. नात्यागोत्याचं काही नाही. रोज दोन तासांचा सहवास एवढंच. 1973 साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की नोकरीची बातमी बहुतेक वेळा जवळच्या मित्राकडून येत नाही, अशा अर्ध्या ओळखीच्या माणसाकडून येते. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. अर्ध्या ओळखीचा माणूस दुसऱ्याच जगातली खबर आणतो. कर्जत लोकलला हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही. कुठल्या रुग्णालयात कुठला डॉक्टर कधी बसतो, कुठल्या बँकेत भरती निघाली, मुलीला कुठल्या क्लासला घालावं, हे सगळं वांगणी ते ठाणे या टप्प्यात कळतं. शहराची ही सगळ्यात स्वस्त देणगी, आणि ती पासाच्या पैशात मिळते.

ही गाडी आली कशी, तेही या दोन तालुक्यांच्या जमिनीतून. 16 एप्रिल 1853ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1856मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले, आणि 1863मध्ये बोरघाट फोडून पळसदरीहून खंडाळ्यापर्यंत मार्ग खुला झाला. 37 फूट पुढे जाताना एक फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि ऐन भरात चाळीस हजारांच्या घरात मजूर. कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये इथे आल्याआल्याच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं. ताप आणि पटकीनं मेलेल्या मजुरांची नावं कुठेही लावलेली नाहीत. त्या चढामुळेच पुढे कर्जतला गाड्या थांबून मागे जादा इंजिनं जोडू लागल्या, आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटावडा मोठा झाला.

मग वीज. फेब्रुवारी 1915मध्ये खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरांहून अधिक खोल नळांतून खोपोलीत कोसळतं आणि जनित्रं फिरवतं, ही टाटांची योजना. 1922मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरी आलं. मुळशी धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली, त्याविरुद्ध 1921पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला आणि तरी धरण झालंच. मुंबईच्या रात्रीला जे तेज आलं, ज्याची गावाकडच्या पोरांना पहिल्यांदा भूल पडली, ते सह्याद्रीच्या याच कड्यांवरून खाली उतरलेलं पाणी होतं. वीज देऊन झाल्यावर भिवपुरीचं पाणी पेज नदीत आणि पुढे उल्हास नदीत जातं, आणि बदलापूर, उल्हासनगर, कल्याण भागाची तहान भागवतं.

शहराचा जीव किती लांबच्या तारेवर लोंबतो, हे ओळखलेला माणूस इथलाच होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. 1 डिसेंबर 1912चा जन्म, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी चालवली होती. 1942च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला घेतले. महायुद्धाच्या ऐन भरात मुंबईच्या गिरण्या-कारखाने अंधारात ढकलायचे, तर गोदीवर चाल करून जाण्याची गरज नव्हती. कर्जतच्या रानातला मनोरा पुरे होता. 2 जानेवारी 1943ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग शहराच्या इतिहासातच लिहायला हवा, असं मला वाटतं. शहर आपल्या हद्दीत संपत नाही.

इथवर ज्यांना शहर आवडतं त्यांच्याबद्दल लिहिलं. ज्यांना ते कधीच मिळालं नाही, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. कर्जत-खालापूरमधली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, ती फेडायला सगळं घर बरोबर जातं, लेकरांसकट. भट्टी कल्याण, भिवंडी, पनवेलच्या आसपास, म्हणजे महानगराच्या अगदी अंगणात. शहराचे मजले त्यांच्या विटांनी चढतात. पण मी वर जी जी देणगी सांगितली, त्यातली एकही भट्टीवर नाही. गिऱ्हाईक एकच, तो भट्टीमालक. अनोळखी माणसांशी भेट नाही, कारण भट्टीच्या आवाराबाहेर जाणं नाही. निवड नाही, कारण उचल फिटलेली नाही. पावसाच्या तोंडावर गावी परतताना त्यांच्याकडे शहराची एकही गोष्ट सांगण्यासारखी नसते. शहराच्या जवळ असणं आणि शहरात असणं यांत केवढं अंतर आहे ते इथे दिसतं, आणि ते किलोमीटरांत मोजता येत नाही. शेवळं घेऊन लोकलनं दादरला जाणारी बाई त्याच डोंगरातली आहे. तिला दिवसभरात पन्नास अनोळखी माणसं भेटतात, एकीनं भाव पाडला तर ती दुसरीला विकते. तिची परिस्थिती भट्टीवरच्या बाईपेक्षा फार सुखाची आहे असं नाही, पण ‘नाही देत जा’ असं ती म्हणू शकते.

उलटा प्रवासही हल्ली मोठा आहे. मुंबईतल्या ज्याला परवडतं तो कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात सेकंड होम घेतो. पावसाळ्यात कोंडाण्याच्या वाटेवर रविवारी तरुणांची रीघ लागते. हिरवळ, धबधबा, हवा यांचं कौतुक खरं असतं. पण रविवारी संध्याकाळी तीच माणसं ट्रॅफिकमध्ये अडकत घरी निघतात. निवृत्तीनंतर इथे कायम राहायला आलेल्यांपैकी काहीजण दोनचार वर्षांत फ्लॅट भाड्यानं देऊन परत गेलेले माझ्या पाहण्यात आहेत. त्यांना विचारलं की उत्तरं साधी मिळतात: रात्री छातीत दुखलं तर कुठे जायचं, नाटक बघायचं तर परतीची गाडी कुठली, आणि बोलायला माणसं कोण. निसर्ग आवडूनही ते परतले.

या उत्तरांतलं पहिलं मला सगळ्यात जास्त टोचतं. कर्जतचा गंभीर रुग्ण पनवेल, उल्हासनगर किंवा मुंबईकडे हलवावा लागतो. बाळंतीण अडली की रात्री गाडी शोधायची. त्या वेळी शहराकडे धावणाऱ्या कुटुंबाला शहर आवडतं असं कुणी म्हणू नये. त्यांच्यावर ते लादलेलं असतं. शेवळांना गिऱ्हाईक, सतारीला कारागीर, मुलीला कुणी न विचारता चालायला पूल, या गोष्टी महानगरातच मिळणार, कारण त्यांना लाखो माणसं लागतात. अतिदक्षता विभागाला, विज्ञान शाखेच्या चांगल्या कॉलेजला, रक्तपेढीला लाखो माणसं लागत नाहीत. तीस हजारांचं शहर आणि भोवतालची गावं त्यांना पुरेशी आहेत. या दोन याद्या वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर ‘लोकांना शहरच हवं असतं’ असं म्हणून तालुक्यांना काहीच न देण्याची सवय लागते.

पनवेल ते कर्जत नवा दुहेरी उपनगरी मार्ग बांधला जातो आहे; चिखले, मोहपे, चौक ही मधली स्टेशनं, आणि वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा. या मार्गावरून लोकल धावू लागल्या की चौकच्या मुलीला नवी मुंबईतल्या कॉलेजात जाऊन संध्याकाळी घरी येता येईल, आणि भात लावायला सुट्टी घेऊन शेतात उतरताही येईल. जमीन विकून खोली घ्यायची, की खोली सोडून जमीन राखायची, असा जो पेच तिच्या आजोबांपुढे होता, तो तिच्यापुढे नसेल. जमिनीचे भाव मात्र मार्ग पुरा व्हायच्या आधीपासूनच चढू लागले आहेत, आणि सातबारावरची नावं बदलताहेत. गाडी सुरू होईल तेव्हा तिच्या घरी शेत उरलेलं असावं, यासाठी ग्रामसभांनी आजच बोलायला हवं.